बप्पा, तुमचा अँप आणि माझा डबा

बप्पा,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुमच्या घरी भेटायला येणारे लोक काकूंना अजून विचारतात, शेवटी काही बोलले का? काकू सांगतात, "चहात साखर कमी हाय म्हनले." मग विचारणारा कप खाली ठेवतो. त्याला काहीतरी मोठं ऐकायचं असतं.

मला कुणी विचारत नाही. मी तुमच्या नात्यातली नाही. ढोकीला कारखान्याच्या कॉलनीत तुमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, वजनकाट्यावर काम करणाऱ्या माणसाची मी मुलगी. तुम्ही तिथं वायरमन होतात आणि गिटार वाजवायचात. एवढ्यावरच आपलं सगळं नातं उभं राहिलं. पण मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की आमचं साडेतीन वर्षं एक भांडण चालू होतं. त्यात मी एकदा खोटं बोलले. ते कबूल केलं तेव्हा तुम्ही माझ्यावर रागावलात. आणि तो राग गेला की नाही हे कळायच्या आत तुम्ही गेलात.

म्हणून हे लिहितेय.

बारा वर्षांची असताना तुमच्या दारात उभी राहून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. हंगाम संपला होता, उसाचे ट्रॅक्टर थांबले होते, कॉलनी एकदम रिकामी वाटत होती. तुम्ही बनियनवर खाटेवर बसून वाजवत होतात, आणि आवाज गिटारमधून येतच नव्हता. तो कोपऱ्यातल्या एका लाकडी खोक्यातून येत होता. मी मागं जाऊन वाकले. आत काचेच्या चार नळ्या लालसर पेटलेल्या.

"हात लावू नको," तुम्ही म्हणालात. "बंद आसला तरी झटका देतोय त्यो."

तो अँप, म्हणजे अँप्लिफायर, तुम्ही स्वतः बांधलेला. त्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व, जुन्या रेडिओंमधल्या, स्पीकर बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजचा, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला, आणि खोकं कुणाच्या तरी सागवानी दरवाजाच्या फळ्यांचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत, "गिटार म्हंजी निम्मं वाद्य. उरल्यालं निम्मं त्या खोक्यात हाय." हलक्या हातानं वाजवलं की आवाज स्वच्छ यायचा. तार जरा जोरात छेडली की तो किंचित फाटायचा, आणि त्या फाटण्यातच सगळा गोडवा होता. तारेवर किती जोर द्यायचा हे मी तुमच्यापेक्षा त्या खोक्याकडून जास्त शिकले. तुम्ही बोलायचात कमी. चुकलं की अँपच सांगायचा.

माझ्या वडलांनी तुम्हाला एकदा विचारलं होतं, मुलीच्या जातीनं हे शिकून काय करायचं. तुम्ही म्हणालात, "तुमी काट्यावर बसून काय करता? वजनच करता नव्हं? तीबी तेच करतीया." वडलांना ते समजलं नाही, मलाही नाही. पण वडील त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मला गिटार मिळाली.

पुढं मी ढोकीहून बसनं जाऊन-येऊन धाराशिवला शाळेत संगीत शिकवायला लागले, सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. तुम्ही निवृत्त होऊन धाराशिवलाच आलात, वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. कार्यक्रम असला की तुम्ही मला अँप न्यायला द्यायचात. तो जीपमध्ये चढवताना दर वेळी कुणाची ना कुणाची कंबर धरायची. गावात व्होल्टेज उतरलं की त्याचा आवाज बसायचा, चढलं की फ्यूज उडायचा. एखादा व्हॉल्व गेला की दुसरा शोधण्यात महिना जायचा. मी तक्रार केली नाही, पण थकले होते. आणि मग मी तो डबा घेतला.

डबा हे नाव तुम्हीच दिलंत. मी त्याला मॉडेलर म्हणत होते, तुम्ही पहिल्या दिवसापासून डबा. कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, वर चार बटणं, एक छोटा पडदा. मी तो तुमच्यासमोर चटईवर ठेवला.

"ह्यात किती अँप हायत म्हनलीस?"

"दोनशेच्या वर."

"खरे?"

"खरे नाहीत, नक्कल. गिटारचा आवाज आत गेला की आत गणित होतं. अमुक अँप असता तर कसा वाजला असता ते काढतं, आणि तसा आवाज बाहेर येतो."

"गणित चुकलं तर?"

"चुकत नाही फारसं."

"फारसं," तुम्ही म्हणालात, आणि चष्मा लावून डबा उलटा केलात. "ह्याला खोलता येतंय का?"

"नाही. खोललं तर वॉरंटी जाते."

"मग बिघडल्यावर?"

"कंपनीला पाठवायचा."

"आन् कंपनीनं ह्ये बनवायचंच बंद केल्यावर?"

मी डबा सुलटा करून वायर जोडायला घेतली.

तेराव्याला आलेलं कुणीतरी म्हणालं, बप्पांना जुन्याचं वेड होतं. मी तिथं काही बोलले नाही, इथं बोलते. कॉलनीत पहिला मोबाईल तुम्ही उघडून दुरुस्त केलात. गच्चीवरच्या सोलरची जोडणी बघायला तुम्ही सत्तरी ओलांडल्यावर शिडी चढलात आणि काकूंनी खालून आरडाओरडा केला. तुम्हाला नव्याचं वावडं नव्हतं. जे उघडता येत नाही ते आपलं कसं म्हणायचं, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

येरमाळ्याचा कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. यात्रेचे दिवस होते. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात, मांडीवर टोपी ठेवून. मी दोन्ही नेलं होतं, अँप मागं आणि डबा पिशवीत. सूर्य मावळायच्या सुमाराला जनरेटर दम खायला लागला. दिवे मंदावले, तुमच्या अँपचा आवाज घोगरा होत गेला आणि गाण्याच्या मधोमध तो पूर्ण गेला. मी वायर उपटून डब्यात घातली. डबा मोबाईलच्या पॉवर बँकवर चालतो, आणि साउंडवाल्याचे स्पीकर बॅटरीवर होते. गाण्याची एक ओळ काय ती गिटारशिवाय गेली, पुढचं सगळं नीट झालं. परत येताना जीपमध्ये तुम्ही टोपी डोक्यावर चढवलीत. मग म्हणालात, "आज तुझं खरं झालं." एवढंच. दुसऱ्या कुणी मान्य करायला आठवडा घेतला असता.

आणि मग ते लग्न. मंगल कार्यालयात मी फक्त डबा घेऊन गेले होते. डब्याला स्वतःचा आवाज नसतो. तो वायरीनं साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जातो, तिथून मोठ्या स्पीकरला. वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून पायाशी एक छोटा स्पीकर ठेवतात. त्याची पिन निसटली होती. समोर लोक नाचत होते आणि मला माझी एक तार ऐकू येत नव्हती. अख्खं गाणं मी स्वतःच्या बोटांकडं बघत वाजवलं. खाली उतरल्यावर इस्माईलभाई, आमचा साउंडवाला, हसत म्हणाला, "ताई, बाहर तो लई मस्त आ रहा था." मला रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "अँप मागं आसता तर पाठीला कळलं आसतं."

असं चाललं होतं आपलं. एक रविवार तुमचा, एक माझा. मी म्हणायचे, डब्याला हेडफोन लावून मी घरी रोज तासभर वाजवते, कुणाला त्रास नाही, हात केवढा सुधारलाय बघा. तुम्ही बघायचात आणि मान्य करायचात. सुरुवातीचे तीन महिने मात्र मी वाजवलंच नव्हतं, हा अँप की तो अँप यातच वेळ जायचा, आणि तेही तुम्ही ओळखलं होतंत. "सुलू, तू वाजवीत न्हाईस, निवडीत बसलीस." मी चिडले होते. पण त्या दिवसापासून दोनशेतले चार ठेवले आणि बाकीच्यांकडं फिरकले नाही.

मग तुमच्या खालच्या घरातल्या आजी अंथरुणाला खिळल्या. तुमचा अँप मोठ्यानं वाजवला तरच बोलतो. हळू केला की नुसता गुदमरतो. तुम्हाला कुणी काही म्हणालं नव्हतं. तुम्हीच एक दिवस त्यावर चादर टाकलीत. महिन्याभरात काकूंनी त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. मी आले की तुम्ही त्या बरण्यांकडं बघायचंच टाळायचात.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की तुमचा अँप डब्यात उतरवावा. डब्याला तेही जमतं. आजींना चार दिवस लेकीकडं नेलं होतं, ती संधी साधून मी माइक आणि वायरी घेऊन आले. काकूंनी बरण्या उतरवल्या. डब्यानं तुमच्या अँपमधून शिट्ट्या, खरखर, चिरके असे कसले कसले आवाज सोडले, आणि माइकमधून ते परत ऐकले. काकू कानांवर हात ठेवून दारात उभ्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "डाक्टर फोटू काढतोय त्येचा." फोटोच होता तो. त्या दिवशी बटणं जिथं होती तिथला, त्या दिवशीच्या व्होल्टेजचा. पण साफ आला होता. माझ्या कानाला फरक कळत नव्हता, हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुम्हीच म्हणालात, परीक्षा घे माझी. मी एकच तुकडा दोनदा वाजवून मोबाईलवर घेतला, एकदा डब्यातून, एकदा अँपमधून. तुम्ही माझ्याकडं पाठ करून बसलात, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलात. दोनदा ऐकलंत. मग तिसऱ्यांदा लावायला सांगितलंत. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुमच्या हृदयाचं सांगितलं होतं. तुमची मान मागून किती बारीक झालीय हे मला तेव्हा दिसलं.

"पहिला माझा," तुम्ही म्हणालात.

पहिला डब्याचा होता.

तुम्ही वळलात. चेहरा लहान मुलासारखा उत्सुक. आणि मी म्हणाले, "बरोबर, बप्पा."

त्या एका शब्दाचं पुढं काय होणार हे मला कळायला हवं होतं. तुम्ही तीन जणांना फोन केलेत, मशिनीला फसलो न्हाय म्हणून. मग हेडफोन गुंडाळून माझ्या हातात दिलेत. "चांगलं हाय, पर त्ये न्हाय. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी." म्हणजे अँप वाजवता येत नव्हता, आणि डबा तुमच्या कानानं नापास केला होता. मीच दिलेल्या खोट्या निकालानं. त्यानंतर आठ महिने तुम्ही गिटार वाजवली नाहीत.

मी दर रविवारी यायचे. गिटार खुंटीला. एकदा तारा गंजलेल्या दिसल्या म्हणून मी नव्या घातल्या. तुम्ही "कशाला?" एवढंच विचारलंत. सांगावं असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलून मी बस धरायचे. तुमचा आनंद मोडायचा नाही असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तुमच्यासमोर खोटी ठरायची मला भीती वाटत होती.

मग त्या रविवारी तुम्ही शेंगा फोडत बसला होतात, आणि सहज डाव्या हाताची बोटं माझ्यापुढं केलीत. "बग, मऊ पडली. चाळीस वरसाचे घट्टे, गेले." तुम्ही ते हसत म्हणालात. मला ते सहन झालं नाही.

"बप्पा, त्या दिवशी पहिला आवाज डब्याचा होता."

तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली. आत काकू भांडी घासत होत्या, त्याही थांबल्या.

"म्हंजी मला कळलं न्हाय."

"नाही."

"आन् तू म्हनलीस बरोबर."

"हो."

"का?"

मी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"आठ म्हैने, सुलू," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी चुकलो त्येचं कायबी न्हाय. मानूस चुकतंय, कान म्हातारे व्हत्यात. पर तू मला हरू दिलं न्हाईस. ल्हान लेकराला पत्त्यात जिंकू देत्यात, तसं केलंस. साडेतीन वरीस मी तुझ्यासंगं भांडतोय. बरोबरीची म्हनून भांडतोय."

मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत. काकूंना म्हणालात, "तिला चहा दे." चहा आला, मी प्यायले, शेंगांची टरफलं तशीच पडलेली. बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलंत, "डबा आनलाय का?"

पिशवीतच होता. तुम्ही गिटार काढलीत, हेडफोन लावलेत आणि वाजवायला लागलात. चाळीस मिनिटं. मला काही ऐकू येत नव्हतं. नुसती तारांची कोरडी टिकटिक आणि पंख्याचा आवाज. तुमची बोटं दुखत होती, मधेच तुम्ही ती झटकत होतात. डोळे मिटलेले. माझ्यापासून दोन हातांवर तुम्ही आठ महिन्यांनी वाजवत होतात आणि काय वाजवताय ते मला कधीच कळणार नव्हतं. डब्याचं कौतुक करताना मी ही बाजू कधी मोजली नव्हती. आपला आवाज आपल्यापुरता, म्हणून शेजाऱ्याला त्रास नाही, आणि म्हणूनच शेजारी बसलेल्यालाही काही नाही.

हेडफोन काढल्यावर तुम्ही बोटं चोळत बोललात, सावकाश, कारागीर काम तपासून बोलतो तसे.

"आवाज माझाच हाय. म्या म्हनलो व्हतो त्ये न्हाय, त्ये चूक. हलक्या हाताला हलका ऱ्हातोय, जोराला फाटतोय. हात वळकतोय त्यो. पर तार वाजली की म्होरं कायबी हालत न्हाय. अँपम्होरं बसलं की हवा अंगावर येती, त्या हवेनं तार आनखी थरारती, मग आपून तिला आवरायचं. त्यो खेळ न्हाय ह्यात."

"पण वाजवता येतंय," मी म्हणाले.

"व्हय. न वाजवन्यापरीस लाख बरं."

मी डबा तुमच्यापाशी ठेवून आले. पुढचे दोन रविवार मी आले तेव्हा तुम्ही फार बोलला नाहीत. हां, हूं. मी विचारलं, वाजवता का रोज? मान हलवलीत. जेवून जा असंही म्हणाला नाहीत, काकूच म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी मी निघताना तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मग म्हणालात, "बस चुकंल तुझी." त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी शाळेत फोन आला. चहा पिऊन खुर्चीत बसले आणि मान कलली.

तर माझ्यापाशी राहिलं ते हे. बस चुकंल तुझी.

तेरावा झाल्यावर काकू म्हणाल्या, "त्ये खोकं तू न्हे. माज्यानं त्येच्याकडं बघवत न्हाय." डबाही परत दिला, तुमच्या गळ्यातल्या मफलरमध्ये गुंडाळून. टेम्पोतून अँप ढोकीला आणला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत उतरवला. चार दिवस मी त्याला हात लावला नाही. परवा शाळेला सुट्टी होती. धूळ पुसायला मागं वाकले तेव्हा पत्र्यावर एक भोक दिसलं, पूर्वी नव्हतं ते. कानस मारलेली कड अजून चकाकत होती. भोकात नवीन सॉकेट बसवलेलं, आणि शेजारी पेन्सिलनं, तुमच्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं: डबा.

मी प्लग काढला, बराच वेळ थांबले आणि मागची फळी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. आत जिकडंतिकडं पेन्सिल. प्रत्येक व्हॉल्वपाशी त्याचा नंबर, आणि तो मिळाला नाही तर कुठला चालेल ते. दोन ठिकाणी फुल्या, 'इथं हात नको, आधी दहा मिनिटं थांब.' कुठली तार कुठं जाते ते बाणांनी. आणि नव्या सॉकेटपाशी एक कागद चिकटवलेला: 'डब्यातली स्पीकरची नक्कल बंद कर, न्हायतर स्पीकरवर स्पीकर बसंल. म्होरला भाग डब्याचा, मागला ह्याचा.'

मी काकूंना फोन लावला.

"काकू, बप्पांनी अँप उघडला होता का?"

"व्हय की. दोन दुपारा बसले व्हते. म्या बॅटरी धरली. हात कापत व्हता, म्हनलं ऱ्हाऊ द्या आता. ऐकत्यात व्हय? त्या इस्माईलला फोन करकरून त्येचं डोकं खाल्लं. डब्याच्या आत काय आसतंय, काय बंद करता येतंय, समदं इचारून घेतलं."

"मला का नाही विचारलं?"

"तुला कसं इचारतील? तुज्यासंगं तर भांडन व्हतं."

मी तो चिकटवलेला कागद पुन्हा वाचला. मग विचारलं, "रागावले होते ना माझ्यावर?"

"लई रागावले व्हते," काकू म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, ते बरं आहे. "म्हनले, ह्या पोरीनं मला फुकट जिंकवलं. आता खरं जिंकून दावतो."

फोन ठेवल्यावर मी खूप रडले, बप्पा. मग उठून वायरी जोडल्या.

तुम्ही केलंय ते सांगते, कारण तुम्हाला ते मोठ्यानं वाजवून बघता आलं नाही. डबा आवाजाला वळण देतो, आणि तो तुमच्या व्हॉल्वांमधून, तुमच्या टॉकीजच्या स्पीकरमधून खोलीत येतो. मी पहिला सूर लावला आणि नडगीवर हवा आली. तार सोडली तरी ती थरथरत राहिली, मला हातानं आवरावी लागली. डब्यातले चारही अँप वाजवून बघितले. चौघांचे आवाज वेगवेगळे, पण प्रत्येकाच्या तळाशी तुमचा लाकडी घोगरेपणा. हे ना पूर्ण तुमचं, ना पूर्ण माझं. वडील असते तर त्यांनी दार लावून घेतलं असतं. मी लावलं नाही. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून ऐकत होती.

म्हणून भांडण मिटलं असं समजू नका. वजन होतं तेवढंच आहे. अँप आणला त्या दिवशी टेम्पोवाल्यानं तुम्हाला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. जनरेटर दमला की हे सगळं पुन्हा बसणार आणि मी पुन्हा पॉवर बँक शोधणार. दूरच्या कार्यक्रमाला मी डबाच नेणार, आणि ज्याच्या घरात कुणी आजारी आहे त्यानं हेडफोनच लावावेत. आणि डबा बंद पडेल तेव्हा त्याच्या आत मला कुणाचंही अक्षर सापडणार नाही. ती तुमची बाजू आहे. ती मी मान्य करते, पूर्ण.

पुढच्या महिन्यात सोनारीला कार्यक्रम आहे. जवळचा आहे म्हणता येत नाही, पण तिथं दोन्ही नेणार आहे. इस्माईलभाईला सांगितलं तर तो म्हणाला, "बप्पा ने फोन पे बोला था, सुलू खुद समझ जाएगी." समजायला मला इतके दिवस लागले.

आता राहिलं एक. नव्या सॉकेटमधून गुणगुण येते. वाजवताना कळत नाही, हात थांबला की खोलीभर ऐकू येते. तुमच्या कानांना ती ऐकू आली नसणार. मी आत बघितलं. सॉकेटची अर्थिंगची तार तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या बाजूनं लांब फिरवून आणलीय. ती जवळच, पहिल्या व्हॉल्वपाशी जोडायला हवी होती. सोल्डरिंगचं सामान मी आजच घेऊन आलेय. उद्या प्लग काढीन, दहा मिनिटं थांबेन आणि तुमची तार काढून दुसरी लावीन.

तिथं तुमचं चुकलंय, बप्पा. या वेळी खरं सांगतेय.

तुमची,
सुलू